सॅकमधल्या शंका : हॅमॉकवरचं छप्पर

मे अर्धा सरला की आमच्या टपालाचा सूर बदलतो. एप्रिलभर सगळे टोपी, गॉगल आणि पाणी किती न्यायचं हे विचारत असतात, आणि मग एकदम टार्प टार्प टार्प, म्हणजे दोरीवर ताणायचं, पाणी अडवणारं कापडी छप्पर. यंदा तर हॅमॉकवाल्यांचीच, म्हणजे दोन झाडांत टांगलेल्या कापडी झोळीत झोपणाऱ्यांचीच, इतकी पत्रं आलीत की म्हटलं या महिन्यात बुटांचे आणि रेनकोटचे प्रश्न बाजूला ठेवू, नुसतं छप्परच घेऊ.

प्रश्न : नमस्कार. दिवाळीत ११ फुटी हॅमॉक घेतला, तीन-चार वेळा वापरला, झोप मस्त लागते. आता जुलैत ताम्हिणीकडे ओळखीच्यांच्या जागेत एक रात्र काढायचीय. ८ बाय ८ फुटी टार्प स्वस्तात मिळतोय आणि तो ३००० एमएमचा (कापड किती पाणी अडवतं तो आकडा) आहे, १० बाय १० चा महाग आहे आणि १५०० चाच आहे. दुकानदार म्हणतो एमएम बघा हो, तिरका लावला की ८ चा पण पुरतो. बजेट तीन हजार. बाबा म्हणतात माळ्यावर ताडपत्री पडलीय ती घेऊन जा. काय करू? (पुणे, आयटीवाले, नाव नको म्हणालेत)

उत्तर : बाबांकडे नंतर येऊ, ते पूर्ण चुकीचे नाहीत. आधी दुकानदार.

टेप घ्या आणि हॅमॉक नीट टांगून एका टोकाच्या गाठीपासून दुसऱ्या टोकाच्या गाठीपर्यंत मोजा. हॅमॉक बरोबर लावला, म्हणजे दोऱ्या साधारण ३० अंशात खाली आल्या, तर हे अंतर कापडाच्या लांबीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे तुमच्या ११ फुटीला नऊ फूट आणि वर एक-दोन इंच. आता ८ फुटाचा टार्प सरळ लावलात तर दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट हॅमॉक बाहेर, त्यामुळे तो सरळ लावायचा प्रश्नच येत नाही. मग दुकानदाराचं 'तिरका'. म्हणजे पतंगासारखा, कोपरा झाडाकडे. ८ बाय ८ चा कर्ण भरतो ११ फूट ४ इंच, त्यामुळे कागदावर पुरतो खरा, दुकानदार खोटं बोलत नाहीये. पण पतंगाला टोक असतं ना! टोकापासून एक फूट आत आलात तरी तिथे कापडाची रुंदी दोन्ही बाजू मिळून दोनच फूट असते. आणि हॅमॉकमध्ये आपण काही मधल्या रेषेवर सरळ झोपत नाही, तिरके झोपतो, पाठ सपाट राहावी म्हणून, म्हणजे डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला मधल्या रेषेपासून लांब जातात आणि नेमकं तिथेच या टार्पाचं कापड संपत आलेलं असतं. नोव्हेंबरात दव पडतं त्याला हा टार्प एक नंबर आहे. ताम्हिणीचा जुलैतला पाऊस वरून पडतच नाही, आडवा येतो, तिथे सकाळी मोजे पिळावे लागतील.

रुंदीचंही तेच. टार्पाच्या मधोमध दोरी, दोन्हीकडे उतार, १० फुटातले ५-५ फूट दोन बाजूंना. ४५ अंशाचा उतार धरला तर प्रत्येक बाजू साडेतीन फूट खाली येते आणि साडेतीन फूट बाहेर जाते. ८ फुटीत हाच हिशोब पावणेतीनच्या थोडा वर. कडेला पाऊण फूट कमी म्हणजे ऐकायला काहीच नाही वाटत, पण मांडीला थेंब लागतात ते याच पाऊण फुटातून.

तेव्हा दोघांत निवड करायची तर १० बाय १० घ्या, १५०० एमएम असला तरी घ्या. एमएमचं पुढच्या पत्रात सविस्तर आहे. पण मला विचाराल तर ३ मीटर बाय ४ मीटरचा चौकोनी शोधा, पॉलिस्टरचा, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या कोटिंगवाला. ४ मीटर म्हणजे १३ फूट, ती बाजू झाडाच्या दिशेने. हॅमॉकच्या दोन्ही टोकांपुढे जवळजवळ दोन-दोन फूट कापड उरतं, आणि पाऊस पेटला की त्याच टोकाचे दोन कोपरे आत ओढून एकमेकांवर घ्यायचे, दार लोटल्यासारखं होतं. वजन किलोच्या आसपास जाईल, दोऱ्या-खुंट्या वेगळ्या. सिलनायलॉनचा, म्हणजे सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा घेतलात तर जवळजवळ निम्म्या वजनात होईल पण तुमच्या तीन हजारांत नाही बसायचा. ते डायनीमा वगैरे फार हलकं आणि महाग कापड तर विसराच, त्या पैशात तुम्ही हॉटेलात राहाल.

कडा आत वक्र कापलेले षटकोनी टार्प येतात, फोटोत फार देखणे दिसतात आणि खरोखर ताणून छान बसतात, वाऱ्यात फडफडत नाहीत कारण वक्र कडेमुळे ताण सगळ्या कापडात वाटला जातो. माझ्याकडे आहे एक. ऑक्टोबर ते मार्च तोच नेतो. पण त्याला लोटायला दार नाही, म्हणून पावसाळ्यात चौकोनीच.

आता बाबांची ताडपत्री. त्यांना विचारा किती जीएसएमची आहे, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. १० बाय १२ फूट म्हणजे ११ चौरस मीटर, १२० जीएसएमची असेल तर १.३ किलो भरेल, २०० ची असेल तर सव्वादोन किलो. गाडीने जागेपर्यंत जाणार असाल तर खुशाल न्या! पाण्याच्या बाबतीत ताडपत्री कुठल्याही महाग टार्पाच्या तोंडात मारेल. तिचा दोष दोन ठिकाणी, एक म्हणजे पाऊस वाजतो, पत्र्याखाली झोपल्यासारखं, आणि दुसरं म्हणजे कडेच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात उपटून हातात येतात. रिंगेला दोरी बांधूच नका. करवंदाएवढा गुळगुळीत खडा घ्या, कडेपासून वीतभर आत कापडाखाली धरा, वरून कापडासकट त्याची मुंडी आवळून दोरी बांधा. खळ्यावरची माणसं असंच करतात. कापड फाटेल पण ती गाठ सुटायची नाही.

प्रश्न : दादा, माझा टार्प ३००० एमएमचा, १० बाय १०, नवा कोरा. मागच्या ऑगस्टमध्ये दोन रात्री काढल्या आणि दोन्ही पहाटे पाठ ओली. टार्प गळतोय असं वाटतं पण भोक सापडत नाही. बदलू का? (चिपळूण)

उत्तर : बदलू नका. टार्पाचा गुन्हाच नाहीये, जवळजवळ खात्रीने सांगतो.

माझी पहिली पावसाळी रात्र आंबोलीच्या खाली एका मित्राच्या काजूच्या बागेत. टार्प नवा, मी खूश, रात्री दोनला कमरेखाली गार लागलं म्हणून हात घातला तर हॅमॉक चिंब. टार्पाला शिव्या घालत टॉर्च लावला, वर आतून बघतो तर कोरडा ठाक. मग टॉर्च झाडाकडे फिरवला. खोडावरून पाण्याचा ओघळ येत होता, हॅमॉक झाडाला बांधायच्या माझ्या पट्ट्यापाशी वळत होता, पट्ट्यावरून घसरत हॅमॉकच्या गाठीपर्यंत येत होता आणि तिथून कापडात. नळ सोडल्यासारखं. हॅमॉकचा सगळा उतार आपल्या कमरेकडे, पाणी दुसरं जाणार कुठे? रात्रभर मी त्या झाडाचं पन्हाळं झालो होतो.

उपाय फुकटातला. जुन्या बुटाची सुती नाडी, वीतभर तुकडा, टार्पाच्या सावलीत येणाऱ्या पट्ट्यावर, हॅमॉकच्या गाठीच्या अलीकडे घट्ट बांधायचा आणि एक टोक चार बोटं खाली लोंबत ठेवायचं. ओघळ तिथवर आला की नाडीवरून खाली टपकतो. सुतीच घ्या, ती पाणी ओढते, गुळगुळीत नायलॉनच्या नाडीवरून पाणी कधीकधी पुढे सटकतं. मी दोन्हीकडे दोन-दोन बांधतो, एक चुकली तर दुसरी आहे. हॅमॉक आणि पट्टा कडीने जोडलेला असेल तर बरंच पाणी कडीवरूनच गळून जातं, तरी नाडी बांधाच.

हे करूनही ओलं झालं तर दोन संशयित उरतात. एक, तुमचाच श्वास. टार्प जमिनीलगत खाली ओढून दोन्ही दारं लोटून झोपलात की आतली दमट हवा गार कापडावर जमते आणि जोराची सर आली की ते बारीक थेंब खाली झडतात, तोंडावर तुषार उडाल्यासारखं वाटतं आणि माणूस म्हणतो कापडातून पाणी आलं. वाऱ्याच्या उलट दिशेची कड हातभर वर घ्या, बंद होईल. दोन, शिवण. पुष्कळ टार्पांना मधोमध शिवण असते आणि ती बरोबर आपल्या पोटावर येते. आतून टेप लावलेली आहे का बघा. पीयू कोटिंगच्या कापडाला बहुतेक वेळा कारखान्यातूनच टेप असते. सिलनायलॉनला टेप चिकटत नाही, त्याला सिलिकॉनच लागतं, पारदर्शक सिलिकॉन सीलंट थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचं आणि ब्रशने शिवणीवर चोळायचं, एक दिवस वाळवायचं. गच्चीवर करा, वास येतो.

आणि ते ३००० एमएम म्हणजे काय, तर कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीला पाणी झिरपायला लागतं तो आकडा. १५०० म्हणजे दीड मीटर पाणी उभं राहिलं तरी कापड झिरपलं नाही. ताणलेल्या उतरत्या टार्पावर पावसाचा थेंब पडतो आणि घसरून जातो, त्याला दीड मीटर खूप झालं. जास्त आकडा लागतो तो तंबूच्या तळाला, कारण तिथे ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो, सगळं वजन एका जागी. टार्पात मात्र खोलगट भाग राहून पाणी साचलं तर कुठलाच आकडा कामाचा नाही, ते वजन दोरीच तोडतं. तेव्हा आकडा सोडा, ताण बघा.

प्रश्न : काय दादा, तुमचं सदर आमचा अख्खा ग्रुप वाचतो. आम्ही दाजीपूरकडच्या एका शेतात ट्राय केलं तर रात्री सगळ्या खुंट्या उपटल्या आणि टार्प उडून हॅमॉकवर येऊन पडला, एक मित्र तर घाबरून खाली पडला. गाठी कुठल्या मारायच्या आणि खुंट्या कशा ठोकायच्या सांगा की. (कोल्हापूर, एस.वाय.)

उत्तर : अरे, मित्र बरा आहे ना? हॅमॉक गुडघाभरच उंच बांधा म्हणून ओरडतो ते याचसाठी.

पावसात शेतातली माती लोण्यासारखी असते, तिथे त्या पेन्सिलीएवढ्या खुंट्या ठोकायच्याच नाहीत. हातभर लांबीच्या बांबूच्या खुंट्या तासून घ्या, टार्पापासून उलट्या बाजूला कलत्या ठोका, आणि वर एक धोंडा ठेवा. सड्यावर जांभा असेल तर खुंटी जातच नाही, वाकते, तिथे पिशवीत दगड भरून ती पिशवी बांधायची किंवा सरळ झुडपाच्या बुंध्याला दोरी. मी तर आधी झुडपं बघतो, मग झाडं. आणखी एक, दोरीला हातभर इलॅस्टिक जोडा, झटका आला की ते ताणतं आणि खुंटीवर ताण येत नाही.

गाठी दोनच पुरतात. टार्पाला मधून जाणारी एक सलग दोरी घे, ३-४ मिलिमीटरची, एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत, तिच्यावर टार्प टाकायचा. हॅमॉकच्या पट्ट्याला टार्प कधीच बांधू नका, तुम्ही आत बसलात की पट्टा ताणतो, हॅमॉक खाली येतो आणि टार्पाची पार रया जाते. त्या सलग दोरीवर दोन मिलिमीटरच्या दोरीची दोन वळी घ्यायची, प्रत्येक वळ्याचा दोरीभोवती तीन वेळा वेढा, स्वतःच्याच आतून काढून, झाली प्रुसिक. हाताने सरकवली तर सरकते, ओढली तर चावते. दोन्ही प्रुसिकना टार्पाची टोकं अडकवली की टार्प दोरीवर हवा तसा मागेपुढे करता येतो, झाड न सोडता. दुसरी टॉटलाइन हिच, खुंटीकडच्या दोऱ्यांना, तीपण सरकती. नायलॉनचा टार्प असेल तर झोपायच्या आधी एकदा सगळ्या दोऱ्या परत ताणायच्या कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं. पॉलिस्टर नाही पडत, म्हणून मी सगळ्यांना पॉलिस्टरच सांगतो.

आता खरी चूक, मला वाटतं तुम्ही टार्पाचं उघडं टोक वाऱ्याला दिलंत. आजीला विचार इरलं कसं घ्यायचे. लावणीला वाकलेली बाई पावसाकडे पाठ करते, इरल्याची बंद बाजू वाऱ्याला आणि उघडी बाजू कामाकडे. टार्पाचं अगदी तसंच, वारा लांब बाजूवर आला पाहिजे, ती बाजू जवळजवळ जमिनीला टेकवायची, दुसरी थोडी वर. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः नैऋत्येकडून, पण दरीत तो कसाही वळतो तेव्हा दहा मिनिटं उभं राहून बघा आणि मग झाडं निवडा.

झाडांचंही सांगतो, कारण कुणी विचारत नाही. वर वाळकी फांदी आहे का ते आधी, टार्पाच्या आधी. शेवगा आणि पांगारा ठिसूळ, नको. माडाखाली कधीच नाही, नारळ टार्प बघून पडत नाही. जांभूळ, हिरडा, ऐन, मांडीएवढ्या जाड बुंध्याचे, बारा-पंधरा फुटांवर. पट्टा किमान इंचभर रुंद, बारीक दोरीने साल कापली जाते. एकट्या उभ्या झाडाला मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरात टांगू नका, विजा. आणि शेत ओळखीचं होतं ते उत्तम, अभयारण्यात रात्री राहायचं तर वनखात्याची परवानगी लागते, किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याचे नियम वेगळे.

प्रश्न : मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी, दोन हॅमॉक. दोन टार्प न्यायचे की एकात भागेल? (नाशिक)

उत्तर : भागेल, पण ४ बाय ४ मीटरचा घ्या. त्याच दोन झाडांना दोन हॅमॉक शेजारी-शेजारी बांधले की दोघी मधे घरंगळून एकमेकींवर येता, म्हणून दोन्ही टोकांना पट्ट्यांच्या मधे तीन फुटी बांबू आडवा अडकवायचा. वर-खाली बांधायचं डोक्यात असेल तर काढून टाका. मोठं माणूस वर आणि मूल खाली असं तर कधीच नको.

प्रश्न : नमस्कार, आम्ही सिएटलला असतो. ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या बाजूला जायचा प्लॅन आहे. सह्याद्रीत वापरलेला ३ बाय ३ चा टार्प इकडे चालेल का? (सिएटल)

उत्तर : तिकडच्या होह रेनफॉरेस्टमध्ये वर्षाला साधारण १४० इंच पाऊस, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटर. महाबळेश्वरला त्याहून कितीतरी जास्त पडतो, त्यामुळे पावसाची भीती महाराष्ट्राच्या माणसाने बाळगायचं कारण नाही. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि कोमट असतो. तुमच्याकडचा बहुतेक हिवाळ्यात आणि गार. आपल्याकडे भिजलेला माणूस चहा पिऊन पुढे जातो, तिथे भिजलेला माणूस गारठतो. त्यामुळे टार्प आणखी मोठा, दोन्ही टोकांना शिवलेली दारं असलेला, आणि थंडीसाठी हॅमॉकखाली लावता ती रजई, म्हणजे अंडरक्विल्ट, पूर्ण झाकली जाईल इतका रुंद. अंडरक्विल्टमध्ये पिसं असतील तर ती भिजली की गरम राहत नाहीत, आणि ती भिजते खालून उडणाऱ्या शिंतोड्यांनी. ३ बाय ३ उन्हाळ्यात न्या. जायच्या आधी पार्कच्या रेंजरला हॅमॉक कुठे चालतो ते विचारा.

प्रश्न : रंग कुठला? (डोंबिवली)

उत्तर : फिकट. गडद हिरव्याखाली सकाळी आठलाही संध्याकाळ वाटते आणि मूड जातो. केशरीखाली सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात, पण हरवलात तर तोच लांबून दिसतो. मी राखाडी वापरतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीचा टार्प काढला तर आतून चिकट झालाय आणि आंबूस वास येतोय. धुऊन चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : वाईट बातमी आहे. पीयूचं कोटिंग दमटपणात सुटतं, आधी चिकट होतं मग पापडी निघते, आणि रत्नागिरीत कपाटात ओला गुंडाळून ठेवलेल्या टार्पाला तीन वर्षं म्हणजे भरपूर झाली. धुऊन वास जाईल, कोटिंग परत येणार नाही. थोडंच चिकट असेल तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा, सावलीत दोन दिवस वाळवा, आणि अंगणात बांधून वर पाइपने पाणी सोडून बघा, झिरपला तर त्याला स्कूटरवर घाला.

नव्याचं तरी असं होऊ देऊ नका. ट्रेकवरून आलात की आंघोळीच्या आधी टार्प दोरीवर. मशीनमध्ये नाही, इस्त्री तर नाहीच. पूर्ण वाळला की घडी न घालता पिशवीत कसाही कोंबा, घडी रोज त्याच जागी पडते आणि तिथेच कोटिंग तडकतं. पिशवीचं तोंड उघडं ठेवा, आणि आत दोन-चार नाड्या टाकून ठेवा, पुढच्या जूनमध्ये त्या बरोबर सापडत नाहीत.